सासूबाईंच्या टँगोचा दुसरा ठोका

ब्वेनोस आयरेस, ९ एप्रिल १९४६

लेआंद्रो,

हे माफीचं पत्र नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर तू उगाच डोळे पुसायला रुमाल शोधत बसशील. तुझ्या बहिणीने, डेल्फिनाने, टेबलावर कागद ठेवला, शेजारी दौत ठेवली आणि म्हणाली, "लिहून झाल्याशिवाय रावियोली मिळणार नाहीत." आज मंगळवार. रावियोली रविवारच्या, उरलेल्या. उरल्यासुरल्या जेवणासाठीही मला लेखणी उचलावी लागते, एवढी या घरात माझी किंमत राहिली आहे.

तू मोन्तेविदेओला जाऊन तीन आठवडे झाले. गेलास तर गेलास, वर आपला दुसरा व्हायोलिनवालाही पळवलास. ते एक वेळ चालेल, व्हायोलिनवाल्यांना हाक मारली तर एकाच्या जागी सहा धावत येतात. पण माझी छत्री कशाला नेलीस? मोन्तेविदेओत छत्र्या मिळत नाहीत का?

तिकडे तू काय काय सांगत फिरतोस ते माझ्या कानावर येतं. तेव्हा झालं काय ते एकदा माझ्या तोंडून ऐक.

दोन्या क्लोतिल्दे जानेवारीत गेल्या. तुझी आई, माझी सासू. पुढच्याच महिन्यात तू त्यांच्या नावाचा टँगो बांधलास आणि मला म्हणालास, "एवारिस्तो, याच्या शेवटी एकच ठोका. दुसरा नाही." मी म्हणालो, "अरे, टँगो संपतो तो दोन ठोक्यांनी. चान्, चान्. लहान पोरालाही माहीत आहे. एका ठोक्यावर सोडायचा म्हणजे माणसाला एकाच पायात बूट घालून बाहेर काढायचं." तू म्हणालास, "आई कशी गेली ते आठव."

आठवायचं काय त्यात? मी समोरच तर बसलो होतो. त्या सूप वाढत होत्या. पळी हातात धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एवारिस्तो, तू म्हणजे ना, अगदी..." आणि तिथेच संपल्या. पुढचा शब्द त्यांच्याबरोबर गेला.

तेव्हापासून ज्याने त्याने तो शब्द आपापल्या सोयीने भरून घेतला आहे. डेल्फिना म्हणते, "हट्टी." आपला कॉन्ट्राबासवाला पानित्सा त्या दिवशी घरात नव्हता, तरी तो छातीठोकपणे सांगतो, "गाढव." तू मात्र कधीच काही बोलला नाहीस. तू तो शब्द मोकळा सोडून टँगो बांधलास.

ते मी मान्य केलं होतं. सतरा मार्चला, रविवारी दुपारी साडेबाराला, रेडिओवर तो आपण पहिल्यांदा वाजवला. सगळं ठीक चाललं होतं. पहिला ठोका पडला आणि पियानोवर माझा हात घसरला. बस, एवढंच. माणसाचा हात आहे, घसरतो. दुसरा ठोका पडला. जरा जोरात पडला, मान्य. निवेदकाच्या हातातले कागद उडाले, तेही मान्य. पण म्हणून सगळ्या स्टुडिओसमोर तू मांडीवरच्या बँडोनिऑनचा भाता मिटून, पट्टा आवळून म्हणावंस, "तू माझ्या आईच्या तोंडावर दार आपटलंस"? आणि चालू लागावंस?

इथे मी दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणतो, "काय मास्तर, शेवटी तुमचाच हात सासूवर भारी पडला म्हणायचा!" रांगेतल्या बायका खोखो हसल्या. मीही हसलो. करतो काय?

हात घसरला. लिहून दिलं. आता मला जेवू दे.

एवारिस्तो

ता. क. छत्री.


ब्वेनोस आयरेस, ४ मे १९४६

लेआंद्रो,

छत्री पोचली. एक काडी मोडलेली आहे. ती उघडून मी तीन वेळा झटकली, म्हटलं आत एखादी चिठ्ठी असेल. डेल्फिना दारातून बघत होती. म्हणाली, "घरात छत्री उघडलीस, आता आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय?" मी म्हणालो, "काडी तपासतोय."

इकडची हकिकत ऐक, आणि ऐकून चिडू नकोस. त्या ठोक्याचं नाव झालं आहे. रेडिओला पत्रं आली, गठ्ठाभर. लोकांना वाटतं ते मुद्दाम केलेलं आहे. ते मोठं शौर्याचं काम आहे, असं बारा कसायांनी आणि एका दाताच्या डॉक्टरने कळवलं आहे. क्लबात आता लोक टँगोचं नाव घेत नाहीत. ओरडतात, "मास्तर, सासूबाई होऊन जाऊ द्या!" मग मी तो वाजवतो. शेवटचा ठोका पडला की टाळ्या काय, शिट्ट्या काय. गेल्या शनिवारी एका जावयाने मला फुलं दिली. त्याची सासू शेजारीच उभी होती.

तू म्हणशील, तुला मजा वाटत असेल. वाटते. खोटं कशाला बोलू? चौदा वर्षं मी ऑर्केस्ट्रा चालवतोय, आणि रस्त्यात मला बघून लोकांनी हवेत हात आपटायला आत्ता सुरुवात केली. पन्नास टँगो बांधले ते कोणाच्या लक्षात नाहीत, आणि एका ठोक्याने मी मोठा झालो.

डेल्फिना तो टँगो लागला की रेडिओ बंद करते. दुसरा ठोका यायच्या आधी, अगदी नेमकी. तिचा ताल माझ्यापेक्षा पक्का आहे.

तुझी जागा भरली आहे. ते सविस्तर पुढे लिहीन.

एवारिस्तो


ब्वेनोस आयरेस, २० जून १९४६

लेआंद्रो,

तुझ्या जागी आलेल्याचं नाव एफ्राइन. कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला, नखं स्वच्छ, कागदावरचा एकही सूर सोडत नाही. पानित्सा त्याच्याबद्दल म्हणतो, "पोरगं इतकं बरोबर वाजवतं की आपण चुकतोय असं वाटायला लागतं." पहिल्या तालमीला मी म्हणालो, "इथे जरा मागे रेलून वाजव." त्याने खरोखर खुर्चीत पाठ टेकली.

माणूस वाईट नाही. पण तू माझा डावा हात ऐकून पुढे जायचास, आणि मी तुझा भाता ऐकून. आता मी ऐकतो आणि तो वाचतो. नाचणारे काही बोलत नाहीत, पण त्यांचे पाय बोलतात. परवा माताद्देरोसच्या क्लबात पाच जोडपी बारला जाऊन उभी राहिली. कसायांचा मोहल्ला तो, तिथली माणसं टँगो चालू असताना बारला उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

तुझी खुर्ची मी रिकामी ठेवली आहे. एफ्राइन दुसऱ्या खुर्चीवर बसतो. का ठेवली म्हणून विचारशील तर, तिचा पाय डगमगतो.

आता मुद्दा. तबकडी कंपनीचे मालक डॉन एझेकिएल घरी आले होते. तुला आठवतात, सात वर्षं आपल्याला "पुढच्या हंगामात बघू" म्हणणारे? ते आले, डेल्फिनाच्या हातचा माते चहा प्यायले आणि म्हणाले, "स्कार्पेल्ली, सासूबाई तबकडीवर घ्यायची. ऑक्टोबरमध्ये. पण तो ठोका तसाच हवा. असा, की सुई उडाली पाहिजे."

मी हो म्हणालो. लगेच. विचार करायला वेळ मागितला असं तुला लिहिणार होतो, पण डेल्फिनाने तुला खरं कळवलंच असेल.

ते गेल्यावर ती भांडी घासत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "रेडिओवर वाजलं ते हवेत गेलं. क्लबातलं दुसऱ्या दिवशी लोक विसरतात. पण तबकडीवर तो ठोका गेला, की आईचं तोंड तू कायमचं बंद केलंस. मी गेल्यावरही कोणीतरी ती लावेल आणि आईचं तोंड पुन्हा बंद होईल."

मी म्हणालो, "हात घसरला होता." ती म्हणाली, "मार्चपासून रोज तोच हात तसाच घसरतोय. डॉक्टरला दाखव."

टँगो तुझा आहे. तू नको म्हणालास तर तबकडी होणार नाही. एक ओळ लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

एवारिस्तो


ब्वेनोस आयरेस, ११ ऑगस्ट १९४६

लेआंद्रो,

तुझी एक ओळ मिळाली. "तुझ्या मनाला विचार." तीन शब्दांसाठी तू तिकिटाचा खर्च केलास. तुझी आई असती तर तिने तुला एका शिवीत उरकायला शिकवलं असतं.

विचारलं मनाला. आता बस आणि वाच, कारण हे मी दोनदा लिहू शकणार नाही.

आपण भेटलो ते वर्ष अठ्ठावीस. व्हिया क्रेस्पोच्या त्या सिनेमागृहात मी पडद्याखाली पियानो बडवायचो, तू भाता घेऊन आलास आणि पहिल्याच दिवशी प्रेमाच्या प्रसंगात आपण घोड्यांच्या शर्यतीची चाल वाजवली, कारण दोघांनी एकमेकांच्या भरवशावर पडद्याकडे बघितलंच नाही. मग बोलपट आले आणि मालकाने मला पियानोसकट बाहेर काढलं. तो पियानो कुठे ठेवायचा? माझ्या खोलीच्या दारातून तो आत जात नव्हता. तुझ्या आईने जेवणाचं टेबल अंगणात काढलं आणि तो आत घेतला. पुढची अकरा वर्षं तुम्ही सगळे स्वयंपाकघरात उभ्याने जेवलात. त्याबद्दल मला कोणीही कधी बोललं नाही. ती सोडून. ती रोज बोलायची.

"जावई आणला तो आणला, बरोबर हत्तीही आणला."

पहिली तालीम तिच्याच अंगणात झाली. आठवतं, आपण किती घाईने वाजवायचो तेव्हा? ती माते चहाची किटली घेऊन बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे नाचायसाठी आहे की गाडी पकडायसाठी?" तुम्ही हसलात. मी त्या रात्री डावा हात हळू केला. आज वर्तमानपत्रवाले माझ्या चालीबद्दल लिहितात, भारदस्त, संयमी, अस्सल. लेआंद्रो, ती चाल तिची आहे. हे मी कोणालाच सांगितलं नाही. तिला तर मुळीच नाही.

माझी प्रत्येक कॉलर तिने इस्त्री केली. दर कार्यक्रमाआधी कॉलर हातात देताना काहीतरी टोचून बोलायची. "जा, बडव." एवढंच आशीर्वादासारखं. मी कधी विचारलं नाही, कसं वाजवतो मी? लाज वाटायची. आणि भीतीही, की ती खरं सांगेल.

आता सांगतो. सतरा मार्चला माझा हात घसरला नव्हता.

पहिला ठोका पडला. तू थांबलास, सगळे थांबले. सगळ्या स्टुडिओत काही म्हणजे काही नाही. आणि त्या शांततेत मला तिचा आवाज आला. "एवारिस्तो, तू म्हणजे ना, अगदी..." मला वाटलं, आता येणार तो शब्द. अठरा वर्षांनी ती माझ्याबद्दलचा शेवटचा निकाल देणार, आणि तोही रेडिओवर. मी भ्यालो रे. भ्यालो आणि दोन्ही हातांनी दार लावून घेतलं.

तू बरोबर म्हणाला होतास. तो शब्दही बरोबर होता, आपटलंस.

नंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला ते सोयीचं पडलं. माणसाच्या भित्रेपणाला लोक हिंमत म्हणायला लागले, तर कोण सांगायला जाईल?

म्हणून आता ठरवलं, तबकडीवर एकच ठोका. डॉन एझेकिएलना सांगितलं तर ते म्हणाले, "एकच? लोक ग्रामोफोन दुरुस्तीला नेतील!" मी म्हणालो, "मग दुसऱ्या कोणाची तरी सासू शोधा." ते रागावून गेले. दोन दिवसांनी परत आले, कारण तोवर त्यांच्या विक्रेत्यांनी नावच छापून टाकलं होतं.

पण गंमत ऐक. ठरवणं सोपं, न वाजवणं कठीण. तालमीत तो ठोका मला सोडवत नाही. चौदा वर्षांची सवय. पहिला पडला की दुसरा आपोआप पडतो, शिंकेसारखा. चार दिवस झाले. पानित्साने शेवटी युक्ती काढली. शेवटच्या ओळीला तो आपला कॉन्ट्राबासचा गज माझ्या मनगटावर आडवा धरतो. पहिल्या दिवशी मी गजासकट वाजवलं. गज मोडला. नवा मी घेऊन दिला.

तू आला असतास तर हसला असतास.

तुझा
एवारिस्तो


ब्वेनोस आयरेस, १६ सप्टेंबर १९४६

लेआंद्रो,

काल रविवारी दुपारचा नाच होता माताद्देरोसला. पोरंबाळं, आज्या, सगळं खानदान. मी ठरवून गेलो होतो, की आज लोकांसमोर एकच ठोका.

शेवटची ओळ आली. पानित्सा गज सरसावून उभा. पहिला ठोका मारला आणि मी दोन्ही हात मांडीखाली घातले. त्यांच्यावर चक्क बसलो. जमलं! हात हलले नाहीत! आणि तेवढ्यात अख्ख्या सभागृहाने पाय आपटला. ठप्प. साठ जोडपी, एकशे वीस बूट. त्यांना दुसऱ्या ठोक्याला पाय जुळवायची सवय. पियानो नाही म्हटल्यावर त्यांनी बिचाऱ्यांनी माझी चूक सावरून घेतली. वर टाळ्याही वाजवल्या. एक म्हातारा स्टेजजवळ येऊन म्हणाला, "काळजी करू नका मास्तर, वय झालं की राहतो एखादा सूर. आम्ही आहोत."

मी उभा राहिलो. तुला माहीत आहे, चौदा वर्षांत मी लोकांसमोर तोंड उघडलेलं नाही, त्यासाठी आपण गायक ठेवतो. पण उभा राहिलो आणि सांगून टाकलं. पळी, सूप, अर्धं वाक्य, रेडिओ, मी भ्यालो, तू गेलास, सगळं. म्हणालो, "तेव्हा कृपा करून पाय आवरा. त्या बाईंना एकदा तरी बोलू द्या."

मागून एक आजी ओरडल्या, "जिवंत होती तोवर तिला बोलू दिलं नाहीत, आता आमचे पाय बांधताय होय?"

मी म्हणालो, "आजी, ती जिवंत होती तोवर मलाच बोलता येत नव्हतं."

हशा पिकला. पुन्हा वाजवला. निम्म्यांनी पाय आपटला आणि मग एकमेकांना दटावलं. तिसऱ्यांदा वाजवला. एकच पाय पडला, क्लबच्या अध्यक्षांचा. त्यांच्या बायकोने त्यांना सगळ्यांदेखत चिमटा काढला आणि ते "आई गं" म्हणाले, ते पियानोपर्यंत ऐकू आलं. म्हणजे शांतता काही मिळाली नाही. पण बारला कोणी उभं नव्हतं, एवढं मी पाहिलं.

तबकडीच्या खोलीत नाचणारे नसतात. तिथे आपणच. नऊ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी अकरा. एफ्राइन चांगला आहे, मी त्याला तसं सांगितलंही. पण दोन्या क्लोतिल्देने त्याला कधी सूप वाढलेलं नाही.

ये. तिकडचा करार मोडू नकोस, दोन दिवसांची सुट्टी घे. आणि मला माफ कर. एप्रिलमध्ये लिहायचं होतं ते हे एक वाक्य होतं. डेल्फिनाने तेव्हाच ओळखलं होतं, म्हणून तर कागद ठेवला होता.

तुझा मेहुणा
एवारिस्तो


ब्वेनोस आयरेस, २ नोव्हेंबर १९४६

लेआंद्रो,

तू परत मोन्तेविदेओला पोचलास, आणि जाताना अबोला एवढा सांभाळलास की मला पुन्हा कागदच घ्यावा लागला. तुझी तार मी जपून ठेवली आहे. "येतो. तुझ्यासाठी नाही. आईसाठी." मी डेल्फिनाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आईसाठी आला तरी जेवायला इथेच येणार ना?" आणि पीठ मळायला बसली.

धक्क्यावर मी तुला मिठी मारायला पुढे झालो आणि तू माझ्या हातात भात्याची पेटी दिलीस. हमालाला देतात तशी. दुपारी जेवताना तू बहिणीला म्हणालास, "त्याला म्हणावं मीठ दे." मी तिला म्हणालो, "त्याला म्हणावं घे." ती म्हणाली, "तुम्हा दोघांना म्हणावं मसणात जा." तेव्हा तू हसू दाबण्यासाठी पाणी प्यायलास. मी पाहिलं. पण बोललास का? नाही.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत काय झालं ते तुला माहीतच आहे, तू होतास. तरी माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो.

तू खुर्चीत बसलास, डगमगणाऱ्या. पाय अर्धा इंच पुढे घेतलास आणि ती डगमगायची थांबली. ते तुलाच जमतं. तांबडा दिवा लागला. मी डावा हात सुरू केला, त्याच चालीत, अंगणातल्या. तू माझ्या मागे थोडा रेंगाळलास, मी तुझ्यासाठी थांबलो. कोणी कोणाकडे बघितलं नाही. शेवटची ओळ आली. पानित्साला गज आडवा धरायचाही विसर पडला, त्याचे डोळे मिटलेले होते. पहिला ठोका पडला.

मी हात मांडीखाली घेतले नाहीत. पट्ट्यांवरच ठेवले, उचलले नाहीत, दाबले नाहीत. म्हटलं, बोला सासूबाई. काय असेल ते बोला. तुम्ही मला जे म्हणाल ते मी आहे.

शब्द आला नाही. आला तो तुझ्या भात्याचा आवाज. सूर संपल्यावर तू हवा सोडून भाता मिटवलास, अगदी हळू, माणसाने दिवसभराचं काम आटोपून खुर्चीत बसताना सोडावा तसा श्वास.

तांबडा दिवा विझला. काचेपलीकडून यंत्रवाला म्हणाला, "मास्तर, फार सुंदर, पण पुन्हा घ्यावं लागेल. शेवटी फुस्स असा आवाज आलाय. हवेचा."

मी म्हणालो, "पुन्हा घ्यायचं नाही."

डॉन एझेकिएल मध्ये पडले. "स्कार्पेल्ली, दुसरा ठोका काढून टाकलास, मी मान्य केलं. पण दोष राहिलेली तबकडी मी विकणार नाही."

"तो दोष नाही," मी म्हणालो. "तो माझा मेहुणा आहे."

तू भात्याच्या बटणांवरून फडकं फिरवत होतास. मान वर केली नाहीस. पण फडकं थांबलं, आणि मग बराच वेळ तू एकच बटण पुसत राहिलास. एझेकिएलनी माझ्याकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि यंत्रवाल्याला म्हणाले, "राहू दे."

संध्याकाळी बोटीवर चढताना तू एवढंच म्हणालास, "जानेवारीत करार संपतो." मी "बरं" म्हणालो. मला आणखी बोलायचं होतं, पण भोंगा वाजला. खरं म्हणजे भोंगा नंतर वाजला. बोलता आलं नाही.

आज पितरांचा दिवस. सकाळी चाकारिताच्या दफनभूमीत जाऊन आलो, डेल्फिनाने फुलं ठेवली, मी पांढरी कॉलर घातली होती. इस्त्री मीच केली होती, ती तुझ्या आईला आवडली नसती. घरी आलो तर तबकडीचा पहिला नमुना दारात येऊन पडला होता. डेल्फिनाने तो लावला. या वेळी तिने बंद केला नाही. शेवटपर्यंत उभी राहून ऐकला, आणि सुई कडेला जाऊन खरखरायला लागल्यावरही तिने ती लगेच उचलली नाही.

त्यानंतर मी एकट्याने तो सात वेळा ऐकला. पहिल्या वेळी टँगो ऐकला. बाकीच्या सहा वेळा फक्त शेवट.

लेआंद्रो, चौदा वर्षं तू माझ्या शेजारी बसून प्रत्येक टँगोच्या शेवटी असाच श्वास सोडत असणार. आणि प्रत्येक वेळी मी त्याच्यावर ठोका मारला. हजारो वेळा. मला माहीतच नव्हतं रे, तिथे तू होतास ते.

जानेवारीत ये. आता सगळ्याच टँगोंत मी दुसरा ठोका हळू वाजवतो, एफ्राइनसाठीसुद्धा. काल क्लबात कोणीतरी ओरडलं, "मास्तर, हाताला काय झालं?" मी दुसऱ्यांदा उभा राहून लोकांशी बोललो. म्हणालो, "हाताला काही नाही. त्याला कान आले आहेत."

तुझा
एवारिस्तो